धावणाऱ्या मुलाचा तळपाय

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'विद्यार्थी आणि शिस्त' ह्या विषयावर मी चार शब्द बोलावेत असे चिटणीस साहेबांनी सुचविले होते. त्यांची परवानगी घेऊन मी विषय बदलून घेतला. शिस्तीवर ह्या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ बोलून झाले आहे आणि माझ्यापेक्षा अधिकारी माणसांनी बोलून झाले आहे. मी आज बोलणार आहे तो तळपायावर, आणि तळपायाला होणाऱ्या एका चामखिळीवर. मागच्या रांगेतली मुले हसत आहेत. हसू द्या. ह्याच मुलांपैकी चार-दोघांच्या मोज्यात आज ही चीज असणार, अशी माझी खात्री आहे.

प्रथमच सांगतो, की मी डॉक्टर नाही. मी बी.ए., बी.एड. झालेला, मराठी व इतिहास शिकविणारा साधा शिक्षक आहे. गाव साताऱ्याकडचे, नोकरी सांगलीकडची. खेळाचा तास माझ्याकडे आला तो मला खेळातले कळते म्हणून नव्हे, तर शाळेत माणूस कमी होते म्हणून. जे पुढे सांगणार आहे ते एका मुलाच्या पायाने मला शिकविले, आणि नंतर मी डॉक्टरांना विचारून व वाचून पक्के केले. त्या मुलाचे नाव मी सांगणार नाही. चूक त्याची नव्हतीच.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा नववीत होता. वडील बाजारात हमाली करीत. अंगाने काटकुळा, पण धावायला लागला की मैदानावरची बाकीची मुले चालत आहेत असे वाटावे. पंधराशे मीटर हे त्याचे अंतर. आपल्या ह्या दोन जिल्ह्यांत अशा मुलाकडे पाहिले की मनात लगेच मोठमोठी नावे येतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली व दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. दुष्काळी माणदेशातली मुलगी तिथवर जाते, मग आपला हा पोरगा निदान जिल्ह्यापर्यंत का जाऊ नये, असे मला वाटे. त्याच्यापेक्षा मलाच ते अधिक वाटत होते, हे आता कबूल करतो.

जूनच्या अखेरीस तो थोडा लंगडू लागला. विचारले तर म्हणाला, "काय न्हाय सर, खडा लागलाय." जुलैत पावसामुळे सराव कमी झाला. पण जेव्हा होई तेव्हा तो पायाच्या बाहेरच्या कडेवर पाऊल टाकून धावतो हे मला दिसत होते. त्याची वेळही घसरली होती. एके दिवशी चार फेऱ्यांपैकी दोन करून तो बसला. मी त्याला सर्व मुलांदेखत बोललो. "नाटके करायची असतील तर गॅदरिंगला कर, मैदानावर नको," असे माझे शब्द होते. ते मला अजून आठवतात, म्हणजे त्यालाही आठवत असणारच. त्याने मान खाली घातली आणि उरलेल्या दोन फेऱ्या पुऱ्या केल्या.

ऑगस्टच्या मध्यावर त्याच्या मोज्यावर रक्ताचा डाग दिसला, तेव्हा मी पहिल्यांदा त्याला बूट काढायला लावले. सहा आठवडे मुलगा माझ्या डोळ्यांसमोर लंगडत होता आणि सहा आठवड्यांत मी त्याचा पाय एकदाही पाहिला नव्हता. उजव्या तळपायाला, पुढच्या चवड्याखाली, हरभऱ्याच्या डाळीएवढा एक कडक, पिवळसर, खडबडीत ठिपका होता. दाढीच्या ब्लेडने त्याने तो स्वतःच तासला होता. रक्त त्याचे होते.

मी काय केले? माझ्या वडिलांना कुरूप होते, म्हणून हेही कुरूपच असे ठरवून औषधाच्या दुकानातून कॉर्न कॅप आणून चिकटविली. इथे कुरूप म्हणा, भोवरी म्हणा, लोक त्यालाच सारे काही म्हणतात. ती गोल पट्टी धावताना सरकली, औषध चांगल्या कातडीवर बसले, आणि चार दिवसांत भोवतालची कातडी पांढरीफटक व हुळहुळी झाली. मग घरी आजीने बिब्बा तापवून लावला. बिब्ब्याचे तेल कातडीला भाजते, पुष्कळांना त्याने फोड उठतात, हे आपल्या बायका-माणसांना चांगले ठाऊक असते. तरीही पायाच्या प्रत्येक गाठीवर बिब्बा, रुईचा चीक, नाहीतर चुना व पापडखार हा उपाय आजही होतो. आजीची माया खोटी नव्हती. पण पावलाचा चवडा फोडांनी भरला. मुलगा तीन आठवडे बूट घालू शकला नाही आणि तालुक्याची स्पर्धा त्याच तीन आठवड्यांत येऊन गेली.

त्यानंतर मी व त्याचे वडील त्याला घेऊन मिरजेला एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेलो. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत इस्पितळ काढले, १९६२ साली तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले. दूरदूरची माणसे औषधपाण्यासाठी मिरजेला येतात. आम्ही हाकेच्या अंतरावर राहून सर्वांत शेवटी गेलो.

डॉक्टरबाईंनी भिंग घेतले, ठिपक्यावरची मेलेली कातडी हलक्या हाताने खरवडली आणि मलाच बोलावून म्हणाल्या, "सर, हे बघा." बोटावर जशा रेषा असतात तशा तळपायालाही बारीक रेषा असतात. त्या रेषा ठिपक्यापर्यंत येऊन थांबत होत्या, बाजूने वळसा घालत होत्या, आणि ठिपक्याच्या आत मोहरीहूनही बारीक काळे ठिपके दिसत होते. मग त्यांनी अंगठ्याने सरळ दाबले. मुलगा थोडा कळवळला. दोन बोटांच्या चिमटीत बाजूने दाबले, तेव्हा तो ओरडलाच. त्या म्हणाल्या, हे कुरूप नव्हे, ही चामखीळ आहे.

पालकांनो, हा फरक नीट ध्यानात ठेवा, कारण सगळे उपचार ह्या फरकावर अवलंबून आहेत. कुरूप म्हणजे दाबामुळे व घासण्यामुळे जाड झालेली कातडी. बूट घट्ट असेल, हाड वर आले असेल, तिथे ते होते. कातडीच्या रेषा त्याच्यावरून सरळ जातात, आणि वरून दाबले की दुखते. दाब गेला की ते कमी होते. चामखीळ ही विषाणूने होते. तिच्यात रेषा तुटतात, चिमटीत धरल्यावर ती अधिक दुखते, आणि आतले काळे ठिपके म्हणजे गोठलेल्या रक्ताच्या अगदी बारीक वाहिन्या असतात. आपल्याकडे त्यांना 'मुळे' म्हणतात. बाजारात जडीबुटीवाले ही मुळे उपटून दाखवितात व पैसे घेतात. चामखिळीला मूळ नसतेच. ती कातडीच्या वरच्या थरातच राहते. शरीराचा भार पडत असल्यामुळे ती बाहेर न वाढता आत दाबली जाते, आणि म्हणूनच चालताना बुटात खडा असल्यासारखे वाटते. मुलगा 'खडा लागलाय' म्हणाला होता तो खोटे बोलला नव्हता.

तिसरी एक गोष्ट आपल्या भागात विसरून चालणार नाही, ती म्हणजे बाभळीचा काटा. माण-खटाव, जत, आटपाडीकडची मुले अनवाणी हिंडतात. काटा आत मोडून राहिला की वरून कातडी धरते व तशीच गाठ होते. म्हणून शंका असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे, मग औषध.

आता हा विषाणू कोणता? त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. १९०७ साली इटलीच्या चुफो नावाच्या डॉक्टरांनी चामखिळीचा रस बारीक गाळणीतून गाळून घेतला आणि त्या गाळलेल्या द्रवानेही चामखीळ होते असे दाखविले. म्हणजे कारण जंतूहूनही लहान आहे हे तेव्हा कळले. ह्या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आज माहीत आहेत. काही सुशिक्षित पालक मोबाईलवर हे नाव वाचतात आणि घाबरतात, कारण त्याच घराण्यातले काही प्रकार स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होतात. त्या शोधाबद्दल जर्मनीचे हाराल्ड त्सूर हाउसेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. तळपायाच्या चामखिळीचे प्रकार निराळे आहेत. त्यांचा त्या रोगाशी संबंध नाही, आणि त्यात लाजण्यासारखेही काही नाही. हे मुलींच्या आयांना मुद्दाम सांगतो. मुलगी पाय दाखवायला लाजते, आई कुणाला सांगायला लाजते, आणि दुखणे वर्षभर मोज्यात राहते.

हा विषाणू ओल्या, भिजून मऊ झालेल्या, थोड्या खरचटलेल्या कातडीतून शिरतो. १९९५ साली अमेरिकेतल्या एका पाहणीत, पोहण्याच्या क्लबातली जी मुले सामाईक न्हाणीघर वापरीत त्यांच्यापैकी शंभरांत सत्तावीस मुलांच्या तळपायाला चामखीळ आढळली. जी ते न्हाणीघर वापरीत नसत त्यांच्यात शंभरांत एक-दीडच. आपल्याकडे पोहण्याचे क्लब कमी, परंतु वसतिगृहाची मोरी आहे, तालमीतली न्हाणी आहे, कबड्डीची मॅट आहे, आणि एकाच सपाता दहा जणांनी घालून वुजूखान्यात जाण्याची सवयही आहे. वुजूमध्ये पाय धुणे ही तर पायाच्या दृष्टीने उत्तमच गोष्ट. फक्त धुतल्यावर बोटांच्या बेचक्या व तळपाय आपल्या स्वतःच्या रुमालाने कोरडे करावेत, एवढेच माझे म्हणणे आहे. ज्याला चामखीळ आहे त्याने ती पट्टीने झाकून मॅटवर उतरावे. त्याला वाळीत टाकण्याचे कारण नाही. हॉलंडमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्राथमिक शाळेतल्या तीन मुलांमागे एकाला हातापायावर कुठे ना कुठे चामखीळ होती. घरातल्यांकडून आणि वर्गातल्या सोबत्यांकडून ती अधिक येते असेही डच डॉक्टरांना आढळले. तेव्हा मैदान बंद करून काही साधत नाही.

उपचाराकडे येतो, कारण पालकांना तेच हवे असते. डॉक्टरबाईंनी सर्वांत आधी जे सांगितले ते ऐकून मुलाचे वडील चकित झाले. त्या म्हणाल्या, काहीच केले नाही तरी मुलांच्या चामखिळी पुष्कळदा आपोआप जातात. साधारण निम्म्या मुलांच्या वर्षभरात जातात, दोन-तृतीयांशांच्या दोन वर्षांत. शरीराला विषाणू ओळखता आला की शरीरच त्याला हुसकावून लावते. विषाणू रक्तात उतरत नाही, कातडीच्या वरवर लपून राहतो, म्हणून ओळखायला वेळ लागतो. दुखत नसेल तर वाट पाहणे हाही उपचारच आहे. परंतु आपला मुलगा धावणारा होता आणि त्याला दुखत होते. दुखणारा पाय वाचविण्यासाठी तो बाहेरच्या कडेवर धावत होता, त्यामुळे त्याचा गुडघा बाहेरच्या बाजूने दुखू लागला होता. चामखीळ वर्षाने जाईल, पण तोवर चुकीच्या पावलाची सवय लागली व गुडघा बिघडला तर काय, हा खरा प्रश्न होता.

वडिलांनी विचारले, "बाई, जाळून टाका की एकदाच." जाळणे आणि गोठविणे ह्याला आपल्या लोकांत फार मान आहे. गोठविण्याला द्रवरूप नायट्रोजन वापरतात. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे गाई-म्हशी आहेत त्यांनी कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या धुराळणाऱ्या टाकीत ठेवतात ती पाहिली असेल. त्यात असते तेच, शून्याखाली एकशे शहाण्णव अंश. (म्हणून कुणी पोराला जनावरांच्या दवाखान्यात नेऊ नये!) त्वचेच्या डॉक्टरांकडे ते काळजीपूर्वक लावतात, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लावतात, आणि ते दुखते, फोड येतो. त्याचा उपयोग होत नाही असे नाही. पण २०११ साली ब्रिटन व आयर्लंडमध्ये २४० रुग्णांवर केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. बारा वर्षांवरची तळपायाची चामखीळ असलेली ही माणसे होती. निम्म्यांना डॉक्टरांनी गोठवून दिले, निम्म्यांनी घरी रोज सॅलिसिलिक ॲसिड लावले. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे शंभरांत चौदाजणच पूर्ण बरे झाले होते. त्याआधी २०१० साली हॉलंडमध्ये अशीच चाचणी झाली, तिच्यात तिसरा गट काहीच न करणाऱ्यांचा होता. तळपायाच्या चामखिळीत तेरा आठवड्यांनी गोठविलेल्यांपैकी शंभरी तीस, ॲसिडवाल्यांपैकी तेहतीस आणि नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी तेवीस बरे झाले. हाताच्या चामखिळीला मात्र गोठविणे बरेच अधिक लागू पडले. तळपायाची कातडी जाड, हेच बहुधा कारण.

हे आकडे मी इथे का सांगतो? आपल्याला एका फटक्यात काम हवे असते. चार दिवसांत गुण आला नाही की डॉक्टर बदलतो, मग वैद्य, मग बाजारातला माणूस, आणि शेवटी ब्लेड. ह्या दुखण्याला फटका नाही. महागडा उपाय आणि घरचा साधा उपाय तळपायाला जवळजवळ सारखेच लागू पडतात, आणि दोहोंनाही महिने लागतात, एवढे कळले तर माणूस साधा उपाय नेटाने करतो. निदान त्या वडिलांनी केला.

तो साधा उपाय असा. सॅलिसिलिक ॲसिड हे नाव वाळुंजाच्या झाडाच्या लॅटिन नावावरून आलेले आहे. आपल्या नद्यांच्या काठी वाढते तेच वाळुंज, त्याच्या सालीत ह्याच जातीचे द्रव्य असते. औषधाच्या दुकानात ते लॅक्टिक ॲसिडबरोबर चिकट द्रवाच्या बाटलीत मिळते, तसेच चाळीस टक्के ताकदीच्या पट्टीतही मिळते. कॉर्न कॅपमध्येही तेच असते. म्हणजे माझी चूक औषधाची नव्हती, मापाची होती. रात्री पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात बुडवायचा. मऊ झालेली वरची मेलेली कातडी पाय घासायच्या वजरीने किंवा खरखरीत कागदाने हलकेच घासायची. रक्त निघाले तर जास्त झाले. पाय पुसून कोरडा करायचा. भोवतालच्या चांगल्या कातडीला व्हॅसलिन लावायचे आणि औषध बरोबर चामखिळीवरच, थेंबभर, लावून वाळू द्यायचे. पट्टी असेल तर ती कात्रीने चामखिळीएवढीच कापायची. वर चिकटपट्टी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ती वजरी दुसऱ्या कुणी वापरायची नाही, आणि त्याच मुलाने तिने दुसरी जागाही घासायची नाही, नाहीतर एकाच्या चार होतात. कातडी लाल होऊन हुळहुळली तर दोन-चार दिवस थांबायचे व मग पुन्हा सुरू करायचे. हे बारा आठवडे.

मुलाच्या वडिलांनी तिथेच एक अडचण काढली. औषधाचा पापुद्रा पायावर असला तर वुजूचे पाणी खाली पोचत नाही, मग काय करायचे? ते मी मौलानांना विचारा म्हणून सांगितले, तो माझा प्रांत नव्हे. आम्ही आमच्यापुरती सोय अशी लावली की इशाची नमाज झाल्यावर औषध लावायचे आणि फजरला उठल्यावर कोमट पाण्याने पापुद्रा सोलून काढायचा. अडचण संपली, आणि वेळ नमाजेला बांधलेली असल्यामुळे एक रात्रही चुकली नाही. औषधाच्या बाबतीत इतकी नियमित मुले मी कमी पाहिली आहेत.

काहींनी मात्र हे औषध घरी कदापि लावू नये. ज्यांना साखरेचा आजार आहे, ज्यांच्या पायात रक्त कमी फिरते, आणि ज्यांच्या तळपायाला स्पर्श कळत नाही, अशांनी. हे आजोबा-आजींसाठी सांगतो, कारण नातवाच्या बाटलीतले औषध आजोबांच्या भोवरीला लागायला वेळ लागत नाही. संवेदना नसलेल्या पायाला भाजलेले कळत नाही आणि जखम आत जाते. सुन्न जागा असेल तर ती कुष्ठरोगाची खूणही असू शकते. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते व रोग पूर्ण बरा होतो. तसेच पसरणारा काळा डाग, न भरणारी जखम, पू, आणि मोठ्या माणसाच्या पायावर नव्याने आलेली वाढ, ह्यांना चामखीळ समजून औषध लावीत बसू नये. सांगलीचे आणि साताऱ्याचे सरकारी रुग्णालय आहे, मिरज आहे. एक दिवसाची मजुरी बुडते हे खरे, पण दाखवून यावे.

दुसरेही उपाय डॉक्टरांकडे आहेत. हट्टी चामखिळीत गोवर-गालगुंड-रुबेलाची लस टोचतात, म्हणजे शरीराचे सैन्य त्या जागी जागे होते. कधीकधी एकीत टोचले आणि दुसऱ्या पायाचीही गेली असे घडते. सुईने टोचून चामखिळीचा अंश आतल्या थरात पोचविण्याची रीत अमेरिकेतल्या फॉकनर नावाच्या पायाच्या डॉक्टरने १९६९ साली मांडली, तीही आता पुन्हा वापरात आहे. चिकटपट्टीची गोष्ट गमतीची आहे. २००२ साली अमेरिकेत नुसती चिकटपट्टी लावून चामखिळी गेल्या असे छापून आले आणि जगभर मुलांच्या पायांना पट्ट्या लागल्या. २००६ साली हॉलंडच्या शाळकरी मुलांवर पुन्हा करून पाहिले तेव्हा फारसा फरक दिसला नाही. कापून काढण्याला मात्र डॉक्टरबाई तयार नव्हत्या. चवड्याखाली व्रण राहिला तर तो जन्मभर दुखू शकतो, असे त्या म्हणाल्या. धावणाऱ्याच्या बाबतीत त्यांचे म्हणणे मला पटले.

धावणे बंद करायचे का? हे मुलाने विचारले. त्याचा हा एकच प्रश्न होता. बाईंनी त्याला खोलीत चालायला लावले. म्हणाल्या, पाऊल सरळ पडत असेल तोवर धाव. पाऊल वाकडे पडू लागले की त्या दिवशी थांब. जाड नमदा किंवा फोमचा गोल तुकडा, मधोमध चामखिळीएवढे भोक पाडून, तिच्याभोवती चिकटविला की भार कडेला जातो व दुखणे तिथल्या तिथे कमी होते. हा तुकडा मेदूवड्यासारखा दिसतो. आमच्या शाळेत त्याला आता मेदूवडाच म्हणतात. मोजे रोज बदलायचे, बूट रात्रभर उघडे वाळवायचे. दोन बोटे अंतर सोडलेले, दुसऱ्याचे मापात नसलेले बूट घालून धावायचे नाही. आणि एक, जे खेळशिक्षकांनी लिहून ठेवावे: स्पर्धा दोन-तीन आठवड्यांवर आली असता गोठविणे, जाळणे, कापणे ह्यांपैकी काहीही करू नये. चामखीळ घेऊन मुलगा धावू शकतो, फोड घेऊन धावू शकत नाही.

आमच्या मुलाचे बिब्ब्याचे फोड भरून यायला सप्टेंबर संपला. ऑक्टोबरपासून औषध सुरू झाले. नोव्हेंबरभर काही फरक दिसेना, तेव्हा आजीने पुन्हा बिब्ब्याची डबी काढली, आणि ती मुलाने लपवून ठेवली हे मला नंतर कळले. डिसेंबरात काळे ठिपके कमी झाले. दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे येई, बूट काढी, आणि आम्ही दोघे प्रयोगशाळेतले भिंग घेऊन त्याचा पाय पाहत असू. स्टाफरूममध्ये सहकाऱ्यांनी माझी बरीच थट्टा केली. जानेवारीच्या अखेरीस एका शुक्रवारी त्या जागी कातडीच्या रेषा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरळ गेलेल्या दिसल्या. बारा आठवडे म्हटले होते, सोळा लागले.

त्या दिवशी मी त्याची माफी मागितली. विद्यार्थ्याची माफी कशी मागतात हे बी.एड.ला शिकवीत नाहीत, त्यामुळे मला ती नीट मागता आली नाही. तो म्हणाला, "असू द्या सर." मग थोड्या वेळाने म्हणाला, "मला वाटलं, पाय दुखतोय म्हटलं तर तुम्ही संघातनं काढाल." सहा आठवडे तो गप्प का राहिला ह्याचे उत्तर मला तिथे मिळाले. वडिलांनाही त्याने सांगितले नव्हते. ते मला म्हणाले, "मला वाटलं, पळायचा कंटाळा म्हणून करतोय." म्हणजे आम्ही दोघेही एकाच वर्गातले विद्यार्थी.

पुढच्या वर्षी, दहावीत असताना, तो तालुक्यात दुसरा आला व जिल्ह्यात गेला. जिल्ह्यात सहावा आला. पहिल्या पाचांतली मुले त्याच्यापेक्षा खरोखरच वेगवान होती. पायाचे कारण त्याने सांगितले नाही आणि नव्हतेही. आता तो कॉलेजात आहे. साताऱ्याला २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटातून हिल मॅरेथॉन होते, तिच्यात धावण्याचा त्याचा विचार आहे असे परवा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला. घाट चढताना सगळा भार चवड्यावर येतो, हे मी त्याला सांगायला गेलो, तर त्याने बूट काढून पायच दाखविला.

तेव्हापासून आमच्या शाळेत जूनच्या पहिल्या आठवड्यात, पुन्हा दिवाळीनंतर, खेळणाऱ्या सर्व मुलांचे पाय पाहिले जातात. मुलींचे पाय बाई पाहतात. मागच्या खेपेस अकरा चामखिळी, चार कुरपे आणि एक बाभळीचा काटा निघाला. काटेवाल्याला स्वतःलाच त्याचा पत्ता नव्हता.

अध्यक्ष महाशयांनी घड्याळाकडे पाहिले आहे, म्हणून थांबतो. शाळेचे ते भिंग मी आज सोबत आणले आहे. चहापानाच्या वेळी मी तिकडे नळाजवळच्या बाकावर बसेन. ज्या मुलांना बुटात खडा असल्यासारखे वाटते त्यांनी बूट काढून यावे. वडीलधाऱ्यांनीही यायला हरकत नाही.